गाडी भाड्याची, पार्किंग सोसायटीचं

गेले तीन वीकेंड अस्मादिकांनी एका एक्सेल शीटच्या नावाने घालवले आहेत. विषय एकच: परवडणारी इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची ती विकत की कंपनीच्या लीजवर? शीटमध्ये आता सात टॅब झालेत, आणि घरात माझ्याशी कुणी जेवताना बोलत नाही.

सुरुवात बाबांपासून झाली. फोनवर सगळी योजना समजावून सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "म्हणजे गाडी आपल्या नावावर नाही?"

"नाही बाबा. लीजिंग कंपनीच्या नावावर."

"मग चार वर्षं भाडं भरून हातात काय? अरे, आम्ही स्कूटर घेतली ती सुद्धा रोख घेतली. भाड्याची गाडी ती भाड्याचीच."

बरं, ऑफिसात गेलो तर तिथे बरोब्बर उलटं. "तू अजून लीज घेतली नाहीस? वेडा आहेस का? टॅक्स वाचतो ना!" असं म्हणणाऱ्या सहा जणांपैकी एकानेही आपलं लीज अ‍ॅग्रीमेंट वाचलेलं नाही. विचारून बघितलं.

माझं म्हणणं असं की दोन्ही पार्ट्या चुकतायत. बाबा गाडीला मालमत्ता समजतात आणि आमची जनता लीजला दिवाळी बोनस. त्यामुळे आजचा हा लेख थोडा भांडखोर होणार आहे. इलाज नाही.

आधी मालमत्तेचं बघू. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली. किंमत १३.९९ लाखांपासून, बॅटरी ३०.२ किलोवॅट-अवर. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच नावाची गाडी ४५ किलोवॅट-अवर बॅटरी घेऊन आली, आणि तिची सुरुवातीची किंमत? पुन्हा १३.९९ लाख. म्हणजे पावणेपाच वर्षांनी त्याच पैशात जवळपास दीडपट बॅटरी. त्याच महिन्यात कंपनीने नेक्सॉन ईव्हीच्या किमती तीन लाखांपर्यंत कमी केल्या. आता सांगा, ज्याने वर्षभर आधी पूर्ण पैसे मोजून गाडी घेतली त्याच्या 'मालमत्तेचं' त्या दिवशी काय झालं? शोरूममध्ये नवी गाडी तीन लाखांनी स्वस्त मिळत असेल तर सेकंडहँड घेणारा तुमच्या गाडीला काय भाव देईल?

सेकंडहँड पेट्रोल गाडीचा भाव गल्लीतला मेकॅनिकसुद्धा दहा-वीस हजारांच्या फरकाने सांगतो. बॉनेट उघडतो, आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर बघतो. बॅटरीचा आवाज काय ऐकणार? ती किती थकली आहे हे बाहेरून दिसत नाही. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी चांगलीच गोष्ट आहे, पण वॉरंटी बिघाडाची असते. बाजारात नवीन, मोठी, स्वस्त बॅटरी आली तर तिच्यापुढे जुनीची जी किंमत पडते त्याची नाही. मोबाईल आपण दर तीन वर्षांनी बदलतो आणि त्याला मालमत्ता म्हणत नाही. ही गाडी अर्धी मोबाईलच आहे!

म्हणून लीजचा खरा फायदा टॅक्स नाहीये. चार वर्षांनी गाडीला काय भाव येईल ही धाकधूक लीजिंग कंपनीच्या डोक्यावर जाते, हा खरा फायदा. तिच्याकडे शेकडो गाड्या असतात, एखादीत बसलेली खोट दुसरीत भरून निघते. माझ्याकडे एकच असणार.

आता आकडे. मला मिळालेल्या कोटेशनचे आहेत, तुमचे वेगळे असतील. गाडी ऑन-रोड १५ लाख. (महाराष्ट्रात ईव्हीला मोटार वाहन कर माफ आणि जीएसटी ५ टक्के, म्हणून एवढ्यात बसली.) लीज ४८ महिने, विमा आणि सर्व्हिसिंग धरून महिना ३४,५००. मी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस धरून ३१.२. रेंटल टॅक्सच्या आधी पगारातून कापलं जातं, त्यातून परक्विझिटवरचा टॅक्स वजा केला की महिन्याला साधारण नऊ हजार वाचतात. म्हणजे खिशातून जाणारे २५,५००. गुणिले ४८ = १२ लाख २४ हजार. शेवटी गाडी परत.

विकत घेतली तर १५ लाखांचं कर्ज, ९ टक्के, चार वर्षं. ईएमआय ३७,३२७, एकूण १७ लाख ९२ हजार. त्यात पुढच्या तीन वर्षांचा विमा आणि सर्व्हिसिंग मिळून १ लाख ३० हजार धरा. झाले १९ लाख २२ हजार. शेवटी गाडी माझी.

फरक जवळजवळ ७ लाख. म्हणजे सात टॅबच्या शीटचं सार एका ओळीत: चार वर्षं वापरलेली ही ईव्ही सात लाखांच्या वर विकली गेली तर बाबा बरोबर, खाली गेली तर लीज बरोबर. बाकी सगळी सजावट. वर दाखवलेली किंमतकपात बघता मला सात लाखांची खात्री देववत नाही. तुम्हाला देववत असेल तर खुशाल विकत घ्या. आणि जे लोक गाडी दहा वर्षं वापरतात, मोडेपर्यंत, त्यांनी तर विकतच घ्यावी. त्यांना पुनर्विक्रीच्या भावाशी काय देणंघेणं?

जाता जाता: ईव्हीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट मिळायची ते कलम ८०ईईबी अजून लोकांच्या तोंडी आहे. ती सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. डीलरचा माणूस अजून तिचं नाव घेत असेल तर त्याला चहा पाजा आणि निघा.

मधला एक पर्याय म्हणजे गाडी आपली, बॅटरी भाड्याची. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर अशीच आली: ९.९९ लाख, आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट किंमत साडेतेरा लाख. ऐकायला झकास. पण गुणाकार करा की राव! फरक ३ लाख ५१ हजार, भागिले साडेतीन, बरोबर एक लाख किलोमीटर. त्याच फरकाचं ९ टक्क्यांनी आठ वर्षांचं कर्ज काढलं तर ईएमआय येतो ५,१४२. आणि काही फायनान्सवाल्यांच्या अटींत महिन्याला किमान १५०० किलोमीटरचं बिल धरलं होतं, गाडी फिरो न फिरो. म्हणजे ५,२५०! कर्जाच्या हप्त्याएवढंच भाडं, आणि शेवटी बॅटरी तुमची नाही. किमान किलोमीटरची अट नसेल आणि तुमचं फिरणं कमी असेल तर सौदा बरा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण ही अट जाहिरातीत नसते, करारात असते.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी लीजचा वकील आहे. थांबा.

माझ्या आधीच्या टीममध्ये एक मित्र होता. लीजवर गाडी घेतली, स्टेटसला फोटो टाकले, आम्ही पेढे खाल्ले. बावीसाव्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली आणि बारा वाजता त्याचा लॅपटॉप लॉक झाला. संध्याकाळी तो नोकरीबद्दल बोलत नव्हता, गाडीबद्दल बोलत होता. कारण लीज कंपनीमार्फत, म्हणजे नोकरी संपली की लीज संपली. त्याला दोन पर्याय मिळाले. गाडी परत करायची तर सव्वातीन लाख भर. ठेवायची तर दहा लाख चाळीस हजार भर, महिन्याच्या आत. हातात दोन महिन्यांचा पगार. त्याने गाडी परत केली आणि बायकोचे दागिने बँकेत ठेवून सव्वातीन लाख भरले. नवी नोकरी मिळायला पाच महिने लागले.

चार वर्षांची लीज, दोन महिन्यांचा नोटीस पिरियड आणि शून्य दिवसांचा लेऑफ. ह्या तीन आकड्यांचा मेळ आमच्या एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये कुठेच नव्हता. तिथे एकच हिरवी स्लाइड होती, 'तुमची वार्षिक बचत'. नोकरी सोडली तर काय, हे अ‍ॅग्रीमेंटच्या अकराव्या पानावर बारीक टायपात. मी मेल करून विचारलं, "काढून टाकलं तर फोरक्लोजर चार्ज कंपनी भरणार का?" उत्तर आलं, "कृपया पॉलिसी डॉक्युमेंट पाहावे." पाहिलं. नाही भरणार.

मला राग याचाच येतो. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याने पैसे भरावेत, ठीक, त्याचा निर्णय आहे. पण ज्याला तुम्ही घरी पाठवताय त्याच्याकडून दंड? 'एम्प्लॉयी बेनिफिट' म्हणायचं आणि जोखीम सगळी एम्प्लॉयीची! आणि वाईट मॅनेजरखाली निमूट बसलेले किती जण केवळ गाडीच्या हप्त्यामुळे बसलेत हे कुठल्याही शीटमध्ये येत नाही. आमच्या फ्लोअरवर असे दोघे मी नावानिशी सांगू शकतो (सांगणार नाही).

आणि ह्या सगळ्याच्या वर आमची सोसायटी.

ईव्हीचं सगळं गणित घरच्या चार्जिंगवर उभं आहे. मीटरवरच्या एका युनिटला गाडी साधारण साडेसहा किलोमीटर जाते. वेगळं मीटर घेतलं तर युनिट नऊ रुपयांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला १.४० रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर २२ रुपये युनिट धरलं तर ३.४० रुपये, वर रांगेत अर्धा तास. पुण्यात पेट्रोल शंभरीपार आणि शहरात बारा किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज धरा, किलोमीटरला साडेआठच्या वर. बाहेर चार्ज करूनही पेट्रोलपेक्षा स्वस्तच, पण ज्या फायद्यासाठी हा सगळा उपद्व्याप करायचा तो किलोमीटरमागे दोन रुपयांनी घटतो आणि आठवड्यातले दोन तास वर जातात.

तर पार्किंगमध्ये एक पॉइंट घेण्यासाठी अर्ज केला. सेक्रेटरी काकांनी तीन हरकती काढल्या. लोड झेपणार नाही. आग लागेल. आणि उद्या सगळेच मागतील.

काका, पंधरा अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर गाडी ओढते तीन किलोवॅट, म्हणजे दीड गीझर. सोसायटीत ऐंशी गीझर सकाळी सात वाजता एकदम चालू असतात तेव्हा ट्रान्सफॉर्मर झेपवतो ना? गाडी रात्री बारानंतर दोन तास चार्ज होणार, रोजच्या चाळीस किलोमीटरला तेवढं पुरतं. आग लागू नये म्हणूनच तर स्वतंत्र वायर, एमसीबी आणि नीट अर्थिंग करून मागतोय. तळमजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळला तर धोका जास्त की कमी? आणि केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा दिली आहे. २०१९ च्या सुधारित मॉडेल बिल्डिंग बायलॉजमध्ये तर पार्किंगच्या २० टक्के जागेत चार्जिंगची सोय धरायला सांगितलं होतं.

"उद्या सगळेच मागतील" ही मात्र खरी हरकत आहे. मागणारच! म्हणून आजच एकदा नीट लोड मोजून पाइपलाइन टाकून घ्या म्हणतोय. त्यावर काका म्हणाले, "बघू जनरल बॉडीत." मराठीतली सगळ्यात जुनी नकारघंटा.

थोडक्यात काय, तर माझा निकाल असा. इलेक्ट्रिक गाडी आज लीजवर घेणंच शहाणपणाचं, पण तीन अटींवर. एक, चार्जिंग पॉइंट हातात आल्याशिवाय सही नाही. दोन, नोकरी गेली तर नेमके किती भरायचे याचा महिनावार तक्ता लेखी मागायचा, आणि काढून टाकल्यास चार्ज माफ करा ही मागणी एकेकट्याने न करता दहा जणांनी मिळून करायची. एकट्याला 'पॉलिसी पाहावी' म्हणतात, दहांना मीटिंग देतात. तीन, टॅक्समधून वाचणारे नऊ हजार 'वाचले' म्हणून सनरूफवाल्या व्हेरियंटमध्ये घालायचे नाहीत. त्यांची दर महिन्याला आरडी. पहिल्या वर्षअखेर १ लाख ८ हजार होतात. मित्राकडे बावीसाव्या महिन्याला ही आरडी असती तर जवळजवळ दोन लाख असते, आणि दागिने निदान अर्धे तरी घरात राहिले असते.

मी स्वतः ४८ ऐवजी ३६ महिन्यांचं कोटेशन मागवलंय. रेंटल साडेचार हजारांनी चढतं, पण बेडी एक वर्षाने आधी सुटते. मागणीच्या मेलवर आत्तापर्यंत सात सह्या आहेत.

जनरल बॉडी पुढच्या रविवारी सकाळी दहाला. लोडचा हिशेब एका पानावर, मोठ्या टायपात, मराठीत छापून नेतोय. बाबाही येणार आहेत साताऱ्याहून. भाड्याच्या गाडीला त्यांचा विरोध कायम आहे, पण सेक्रेटरी काकांचं "अर्थिंग बघायला लागेल" ऐकून ते भडकलेत. वीज मंडळात एकतीस वर्षं काढलीत त्यांनी.

सही त्यानंतर.