पोटांतील गांठ आणि दुर्बीण

एका वाचकांचें पत्र आलें आहे. त्यांच्या धाकट्या सुनेच्या अंडाशयावर मोसंब्याएवढी गांठ असल्याचें सोनोग्राफींत दिसलें. डॉक्टरांनीं ती दुर्बिणीनें काढावी असें सुचविलें आहे आणि घरांत वाद माजला आहे. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा छिद्रांतून गांठ निघणार कशी?" थोरले दीर म्हणतात, "पोट उघडून पाहिल्याखेरीज सर्व निघालें कशावरून?"

शंका रास्त आहेत, पण त्यांचें निरसन सोपें आहे. बेंबीपाशीं लहानसा छेद घेऊन पोटांत वायु भरतात. त्यायोगें आंत अवकाश होतो आणि दुर्बिणीचें चित्र पडद्यावर मोठें होऊन दिसतें. गांठ बहुधा एका पिशवींत घालून, आंतील द्रव शोषून घेऊन, मग बाहेर ओढतात. ('बिनटाक्याची शस्त्रक्रिया' हा लोकांत रूढ झालेला शब्द मात्र फसवा आहे. टांके असतात, थोडे असतात, इतकेंच.) मागाहून एक-दोन दिवस खांदा दुखला, तर तो बहुधा त्या वायूमुळें होय.

खरा प्रश्न छिद्राचा नाहीं, गांठीच्या जातीचा आहे. मासिक ऋतु चालू असणाऱ्या वयांत पाण्याची साधी गांठ पुष्कळदां दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते; मग शस्त्राची घाई कां, हें विचारावें. कांहीं गांठींत केस व दांतही सांपडतात. ती करणी नव्हे. ती जात बहुतेक निरुपद्रवी असते. परंतु कर्करोगाचा संशय असेल, तर गांठ पोटांत फुटणें हाच मोठा अपाय, कारण तिच्यांतील पेशी पसरण्याची भीति असते. अशा वेळीं मोठा छेद घेऊन ती अखंड काढणें हितावह ठरतें. दुर्बिणीनें आरंभ करून मध्येंच पोट उघडावें लागलें, तरी त्यांत शस्त्रवैद्याची नामुष्की नाहीं. अकस्मात् असह्य कळा व वांत्या सुरू झाल्या, तर मात्र गांठीला पीळ पडला असण्याचा संभव. तेव्हां घरची बैठक आणि मुहूर्त दोन्ही बाजूस ठेवून रुग्णालय गांठावें.

आतां जें पत्रांत नाहीं त्याविषयीं. चार पानांत सासूबाई आहेत, दीर आहेत, पुण्याचे मामाही आहेत. सुनेचें मत एका ओळींतही नाहीं. अंडाशय राखून केवळ गांठ काढावयाची, कीं तोही काढावयाचा, हें आधीं बोलून घ्यावें लागतें, आणि पुढील मातृत्व त्यावर अवलंबून असूं शकतें. मूतखड्यावरील शस्त्रकर्मांत जिवाचा संशय, म्हणून सुश्रुतानें अधिपतीस विचारून तें करावयास सांगितलें. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं वेगळाच अधिपति दाखविला. दुर्बिणीनें केवळ तपासणी करण्यासाठीं भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीचे गर्भाशय व अंडाशय, ती बेशुद्ध असतांना तिच्या आईची संमति घेऊन, काढण्यांत आले होते. न्यायालयानें ती संमति अग्राह्य ठरविली. रुग्ण सज्ञान आहे आणि तातडीचें प्राणसंकट नाहीं, तेव्हां संमति तिचीच. जन्मदात्या आईचीही जेथें चालत नाहीं, तेथें दिरांची काय कथा!

पत्रलेखकांना विनंति अशी कीं, पुढच्या भेटीस सूनबाईंना डॉक्टरांसमोर बसवावें आणि आपण बाहेरच्या बांकावर बसावें. अंडाशय राहणार कीं नाहीं, गांठ फुटूं नये म्हणून काय करणार, काढलेली गांठ तपासणीस पाठविणार ना, हें त्यांनींच विचारावें.