पुंगळीची मान

दिवाळी अंकातल्या सदरासाठी काडतुसावर लिहिणार म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, "तुमचा आणि काडतुसाचा संबंध काय?" खरे सांगायचे तर संबंध शब्दापुरताच. बटाटा, पगार आणि चावी ज्या पोर्तुगीज गलबतांतून आपल्याकडे उतरली, त्यांतूनच काडतूसही उतरले, आणि मराठीने त्याला असे घासूनपुसून घेतले की आता ते थेट बार्शी-पंढरपूरकडचे वाटावे. शब्दाला आपल्या मापात बसवणे सोपे. खुद्द काडतुसाला एका मापातून दुसऱ्या मापात बसवायचे तर काय सायास पडतात, ते मला यंदा कळले, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या तांब्याकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो आहे.

रायफलीच्या काडतुसात पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. गोळी जाते, दारू जळते, टोपी फुटते. पुंगळी तेवढी मागे उरते आणि पुन्हा भरता येते. अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात हौशी नेमबाज घरच्या मेजावर बसून त्या भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याखेरीज काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. तेव्हा शेजारच्या पानावरच्या चिरोट्यांप्रमाणे याही मजकुराचा कुणी घरी प्रयोग करू नये, ही विनंती.

पुंगळी पुन्हा भरणे ही झाली हौस. तिचे मापच बदलणे ही गरजेपोटी निघालेली युक्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शिपायांनी जर्मन मॉझर रायफली आठवण म्हणून घरी नेल्या. त्यांची आठ मिलिमीटरची काडतुसे तिकडे सहज मिळेनात. पण अमेरिकन सैन्याने १९०६ साली घेतलेल्या मापाच्या पुंगळ्या मुबलक होत्या. दोहोंच्या बुडाचा घेर सारखाच. मग अमेरिकन पुंगळीची ६३ मिलिमीटर लांबी कापून ५७ वर आणायची, आणि साच्यात दाबून तिला नवा खांदा आणि नवी मान द्यायची. मान म्हणजे पुंगळीचे पुढचे निमुळते तोंड, ज्यात गोळी बसते. दिसायला काम फत्ते. घोटाळा पुढेच आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

हा घोटाळा मला वढू बुद्रुकला उमगला. भीमेच्या काठचे हे गाव छत्रपती संभाजीमहाराजांच्या समाधीचे. मी तिथे गेलो होतो दर्शनाला. महाराजांच्या काळी, म्हणजे १६८९ च्या सुमारास, तोड्याच्या बंदुकीत दारू वेगळी आणि गोळी वेगळी भरत. जळता तोडा टेकला की बार. पुढे १८१८ साली जवळच कोरेगावला लढाई झाली, तोवर कागदात गुंडाळलेली काडतुसे आली होती. शिपाई ती दातांनी फाडीत. कागदाला कसली मान आणि कसला खांदा! ते सारे दुखणे पितळेबरोबर आले.

गावात माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा राहतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांचा उमेदीचा काळ लेथवर गेला. हा कारखाना १८६९ चा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला आहे. आबांच्या ओसरीवर चहा झाला आणि मी माझ्या वाचनातली ही माप बदलण्याची हकीकत त्यांना ऐकवली. त्यांनी पाण्याचा तांब्या रिकामा करून माझ्या हातात दिला.

"सर, ह्याचं पोट केवढं आन् मान केवढी? मान आवळली, तवा पत्रा गेला कुठं?"

मी म्हणालो, "दबला असेल."

"पत्रा काय इरतो व्हय? घेर कमी झाला की जाडी वाढायचीच. हात लावून बघा."

पुंगळीचेही तेच. शिवाय तिचा पत्रा तोंडाशी पातळ आणि बुडाकडे जाड असतो. कापून आखूड केली की जो भाग काल खांदा आणि पोट होता तो आज मान होतो, आणि आपली जाडी घेऊन येतो. शिंप्याने मोठ्या माणसाचा सदरा मुलासाठी लहान केला तर जादा कापड चुण्यांत दिसते तरी. इथे ते पितळेत लपते.

मानेचा पत्रा असतो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. बार झाला की वायूच्या दाबाने मान किंचित फुलते, गोळी सुटते. फुलायला नळीत केसभर जागा हवी. मानच जाड असली तर ती जागा उरत नाही; गोळी चिमटीत धरल्यासारखी अडकते, दाब भलतीकडे चढतो, आणि रायफलीचा तो भाग नेमबाजाच्या गालापासून वीतभरही लांब नसतो. जाडी एकाच बाजूला असेल तर गोळी तिरकी बसते आणि नेम चुकतो. पण नेमाचे राहू द्या, गालाचे आधी बघा.

म्हणून मान कातायची. (हा शब्दप्रयोग ऐकून आमच्या घरी एकदम शांतता पसरली.) कातारी लाटणे कातून गुळगुळीत करतो तसेच हे काम. मान आधी बरोबर मापाच्या पोलादी दांडीवर चढवायची, म्हणजे आतली वेडीवाकडी जाडी बाहेर येते. मग पुंगळी फिरवीत पात्याने बाहेरून इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने कापायची. जास्त कापली तर मान गोळी धरीत नाही, तडकते. आणि बाहेरून सारखी झाली तरी मान जिथे खांद्याला मिळते तिथे आतून पितळेचे एक कडे उरते. ते निराळ्या हत्याराने आतून काढावे लागते. आबा यावर खूश झाले. "आतलं कडं इसरला, त्यो टर्नरच न्हवं," म्हणाले.

कारखान्यांनाही ही मान जाचली आहे. इंग्रजांच्या .३०३ काडतुसात कॉर्डाइटची दारू शेवयांसारख्या काड्यांची असे. त्या जुडीला बारीक मानेतून आत जाणे जमेना. तेव्हा पुंगळी सरळ असतानाच जुडी भरीत आणि मान मागाहून आवळीत. दारू पोटात असताना!

आवळलेल्या पितळेत ताण राहतो. पुण्याच्या तांबट आळीत मठारलेले भांडे मधूनमधून भट्टीत घालून नरम करतात ते याचसाठी. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेला याचा भुर्दंड बसला. पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवीत, आणि पुंगळ्या आपोआप चिरत. दोष मोसमाचा समजून इंग्रजीत या चिरण्याला नावही मोसमावरूनच पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली उलगडा केला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया ताणलेल्या पितळेला फोडीत होता. उपाय म्हणजे पुंगळीला ताव देऊन ताण काढणे. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-जांभळी झाक दिसते, ती या तावाची खूण.

आता इतके कातून, तावून, मोजून मान बरोबर झाली हे ओळखायचे कसे? जाणते नेमबाज एक साधी परीक्षा घेतात. त्याच रायफलीतून उडालेली पुंगळी घ्यायची आणि तिच्या तोंडात नवी गोळी बोटांनी सोडायची. ती आपल्या वजनाने आत घसरली तर मानेला फुलायला जागा होती. अडली, तर त्या खेपेच्या साऱ्या पुंगळ्या पुन्हा लेथवर.