नाडीखालचा काळा पट्टा

आज आंघोळीच्या वेळी आपली कंबर एकदा नीट बघा. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी काचून तिथे काळा पट्टा पडला असेल. खाज येते, पापुद्रे सुटतात, घामाने चुरचुरतं. आपण पावडर टाकतो आणि पुन्हा तिथेच नाडी आवळतो. बहुतेकींचं एवढ्यावरच भागतं. पण त्या पट्ट्यावर जखम झाली आणि महिना उलटला तरी ती भरली नाही, तर हळदीवर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा.

हे उगाच घाबरवणं नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४५ मध्येच धोतराच्या काचामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाबद्दल लिहून ठेवलं होतं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकर-लुगड्याच्या काचातून कर्करोग झालेल्या दोन वयस्क बायकांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीची जखम दीड वर्ष चिघळत होती, दुसरीची दोन वर्षं. दुसरीचा आजार तोवर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

लुगडं सोडा, असं कुणी म्हणत नाही. नाडी रुंद घ्या, सैल बांधा, तिची जागा अधूनमधून बदला. घरी असताना गाऊन घालून कमरेला मोकळं सोडा.

त्वचेचा कर्करोग म्हणजे गोऱ्या लोकांचा आजार, असं आपल्याला वाटतं. आपल्या सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हापासून बरंच राखतं, हे खरं. म्हणून आपल्याकडे हा आजार कमी. पण तो होतो तेव्हा पुष्कळदा उन्हाशी संबंध नसलेल्या जागी होतो, आणि तिथे कुणी बघतच नाही.

तळपाय बघा. तळव्यावर किंवा नखाखाली नवा काळा डाग, वाढत जाणारी काळी रेघ दिसली, तर "ठेच लागली असेल", "कुरूप असेल" म्हणून सोडू नका. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या नखाखाली १९७७ मध्ये असाच कर्करोग निघाला. १९८१ मध्ये ते गेले, तेव्हा वय होतं अवघं ३६.

जुना व्रण बघा. लहानपणी चुलीवर भाजल्याची खूण, पायावरची वर्षानुवर्षांची जखम. अशा जागी वीस-तीस वर्षांनीसुद्धा कर्करोग उद्भवू शकतो. बरा झालेला व्रण पुन्हा फुटला, त्याच्या कडा जाड झाल्या, वास किंवा रक्त येऊ लागलं, तर थांबू नका.

तोंडावरही लक्ष असू द्या. नाकाजवळचा चकचकीत फोड, खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येणारी पुळी, आकार किंवा रंग बदलणारा तीळ दाखवायलाच हवा.

दिवसभर रानात किंवा बांधकामावर राबणाऱ्यांनी डोक्याला पटका किंवा रुंद काठाची टोपी आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, भर दुपारी सावली धरावी. जन्मतःच अंगात रंगद्रव्य नसलेल्यांना तर हे लहानपणापासून पाळायलाच हवं. त्यांना उन्हाचा धोका फार मोठा असतो.

"तुकडा काढला की कर्करोग पसरतो" ही समजूत पुष्कळांना दवाखान्यापासून दूर ठेवते. तपासणीसाठी तुकडा काढल्याने तो पसरत नाही. वेळीच कळला तर बऱ्याचदा तेवढाच भाग काढून काम भागतं. उशीर झाला तर बोट किंवा पाय गमवायची पाळी येते.

महिन्यातून एकदा दहा मिनिटं काढा. स्वतःची कंबर, तळवे, नखं बघा. ज्यांना वाकता येत नाही किंवा नीट दिसत नाही, त्या आजी-आजोबांचे पाय घरातल्या नातवंडांनी बघावेत. कमरेची जखम दाखवायला आईला संकोच वाटतो, म्हणून लेकीने किंवा सुनेने आपणहून विचारावं. आज संध्याकाळीच विचारा.