पासपोर्ट आधी, प्रवेश नंतर

परदेशी शिक्षणाचा विषय घरात निघाला की आधी विद्यापीठ, मग कर्ज, मग व्हिसा असा क्रम लागतो आणि पासपोर्ट 'होईल सवडीने' म्हणून मागे राहतो. हा क्रम घातक आहे. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची तर भारतात ओळखपत्र म्हणून पासपोर्टच दाखवावा लागतो. ब्रिटनमधील विद्यापीठ व्हिसासाठी प्रवेश निश्चित झाल्याचे जे सीएएस देते, त्यात पासपोर्टचा क्रमांक असतो. अमेरिकेच्या व्हिसा अर्जातही तो भरावा लागतो. नूतनीकरणात हा क्रमांक बदलतो, त्यामुळे ते मध्येच केले तर कागदपत्रे पुन्हा जुळवत बसण्याची वेळ येते. मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधी नूतनीकरण करता येते, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते. सप्टेंबरमध्ये ज्याला परदेशातल्या वर्गात बसायचे आहे, त्याच्या हाती आदल्या दिवाळीपर्यंत पासपोर्ट असायला हवा.

सावंतवाडीला हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. शेजारच्या गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू आहे. येथील आमदार दीपक केसरकर शिक्षणमंत्री असताना, 2024 मध्ये राज्याने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मन भाषेचे वर्ग हा गावोगावी चर्चेचा विषय झाला. वाट मोकळी होत असताना मुले कागदाला अडखळत असतील, तर त्यात दोष मुलांचा कमी आणि वेळेवर न सांगणाऱ्या मोठ्यांचा जास्त आहे.

आपल्याकडची अडचण खास आपली आहे. सावंतवाडी-दोडामार्गातल्या कित्येक मुलांचा जन्म बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात झालेला, म्हणजे जन्मदाखला गोव्याचा. शाळा इथली, पदवी पुण्याला किंवा कोल्हापूरला, वडील मुंबईत नोकरीला आणि गावच्या घराला वर्षातले दहा महिने कुलूप. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले, आधारवर ते शेवटी, जन्मदाखल्यावर वडिलांचे नावच वेगळ्या स्पेलिंगने. सावंतांतले कोणी 'व्ही' लिहितात, कोणी 'डब्ल्यू', आणि एकाच घरात दोन्ही सापडतात. इथे कोणाला त्याचे काही वाटत नाही. तीच तफावत पासपोर्टच्या खिडकीवर आणि पुढे वकिलातीत प्रश्न होऊन उभी राहते. नाव दुरुस्तीला गॅझेट, प्रतिज्ञापत्र, बोर्डाची फेरी असे महिने जातात; पासपोर्ट त्यानंतर.

जून 2018 पासून देशात कुठेही अर्ज करता येतो, ही मोठी सोय झाली. पण पोलीस पडताळणी अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते. पुण्याच्या वसतिगृहात राहणारा मुलगा गावचा पत्ता देतो, हवालदार दारात येतो तेव्हा घर बंद, आणि अहवाल प्रतिकूल जातो. यात हवालदाराचाही दोष नाही. पडताळणीचा अहवाल 21 दिवसांत गेला तर केंद्राकडून पोलीस खात्याला 150 रुपये मिळतात, उशीर झाला तर 50. लवकर काम उरकण्याची सोय सरकारने केली आहे. त्या दिवशी अर्जदार घरी भेटेल, हे मात्र घरच्यांनीच पाहायचे.

उशिरावर तत्काळचा उतारा सांगितला जातो. नेहमीच्या 1,500 रुपयांवर आणखी 2,000 भरले की तो मार्ग खुला होतो, पण नावातली तफावत तत्काळलाही अडवते. शिवाय राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीच्या आशेवर असलेल्या घराला हे 2,000 जड जातात. 2025 च्या मे-जूनमध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती सुमारे तीन आठवडे रोखून धरल्या. असे काही झाले की आपल्या हातात काही नसते. म्हणूनच जेवढे हातात आहे, तेवढे आधी आटोपलेले असावे.

पासपोर्ट म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. 1967 मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरवला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. तोवर पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सरकार आपल्या मर्जीने ठरवत असे. त्या निकालाने मिळालेला हक्क शहरातल्या मुलांनी वापरला. तालुक्याच्या गावात तो अजून एजंटच्या फायलीत अडकलेला दिसतो.

आमची मागणी साधी आहे. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो. लहानपणीचा पाच वर्षांचा किंवा अठराव्या वर्षी संपणारा पासपोर्ट त्याला पदवीपर्यंत पुरत नाही. तेव्हा अकरावीच्या प्रवेशाबरोबरच प्रत्येक महाविद्यालयाने जन्मदाखला, गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून नावे तपासावीत आणि तफावत असेल तर त्याच वर्षी दुरुस्त करून घ्यावी. पंचम खेमराज महाविद्यालयाने यात पुढाकार घ्यावा. 1961 पासून या गावाला पदवीपर्यंत नेणाऱ्या संस्थेला ते शोभेल. पासपोर्टच्या फिरत्या गाड्या देशात अनेक ठिकाणी धावतात, जिल्हा प्रशासनाने एक सावंतवाडीला मागून घ्यावी. ती एप्रिलमध्ये आली तर अधिक बरे: पडताळणी मेमध्ये पडेल, तेव्हा वसतिगृहातली मुले सुट्टीला घरी असतात, चाकरमानी गावी आलेले असतात आणि हवालदाराला दार उघडे मिळते.