हंडा मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा?

प्रति,
संचालक मंडळ,
वर्ल्ड व्हिजन इंटरनॅशनल



घाना, युगांडा, झांबियातल्या खेड्यांत ‘इंडिया मार्क टू’ हातपंप सर्रास दिसतो. आमच्याकडे त्याला हापसा म्हणतात. त्याचे कूळ शोधत गेले तर ते जालना आणि सोलापुरात सापडते, आणि त्या कुळाच्या मुळाशी तुमच्यासारखीच श्रद्धेने कामाला लागलेली ख्रिस्ती माणसे भेटतात. म्हणून हे पत्र एका मराठवाड्याच्या माणसाने तुम्हाला लिहावे, यात फारसे नवल नाही.

१९६० च्या दशकात या भागात मिशनची माणसे बोअर पाडत होती. काळ्या खडकातून पाणी लागत होते, पण वर बसवलेला पंप टिकत नव्हता. युरोप-अमेरिकेत एका कुटुंबाच्या अंगणासाठी घडवलेल्या बिडाच्या पंपांच्या त्या नकला. इथे त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव पाणी भरायचे. दांड्याच्या खिळी झिजत, बीड तडकत असे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाहण्या झाल्या, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले.

जालन्यातल्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने बीड सोडून पोलाद धरले आणि दांडा एकाच खिळीवर फिरेल अशी रचना केली. सोलापुरात तिच्यात सुधारणा झाली. या ‘सोलापूर पंपा’चा आधार घेऊन युनिसेफ आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीने नवा पंप घडवला, कोइमतूरजवळ त्याच्या चाचण्या झाल्या, आणि मार्क टू तयार झाला. त्याचे पेटंट कुणीही घेतले नाही. कोणत्याही कारखान्याने तो बनवावा, अशी मोकळीक राहिली.

या कथेत धर्मबुद्धी आहे, कारागिरी आहे, सरकारही आहे. मला मात्र तिच्यातली एक साधी गोष्ट मोठी वाटते. ती मिशनची माणसे इथेच राहत होती. आपण बसवलेला पंप मोडला, हे त्यांच्यापासून लपून राहणे शक्य नव्हते.

दर १० सेकंदांना एका नव्या माणसापर्यंत आम्ही शुद्ध पाणी पोहोचवतो, असे तुम्ही सांगता. १९५० मध्ये बॉब पिअर्स यांनी सुरू केलेल्या संस्थेने इतकी मजल मारावी, याचा आदर वाटतो. पण हा हिशेब फक्त जमेचा आहे. त्याच १० सेकंदांत किती जणांचा हापसा बंद पडला, ते त्यात नाही. रूरल वॉटर सप्लाय नेटवर्कने २००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील २० देशांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सुमारे ३६ टक्के हातपंप बंद निघाले. ते सगळ्यांनी मिळून बसवलेले, एकट्या तुमचे नव्हेत. पण बंद हापशासमोर उभ्या राहिलेल्या बाईला तो कुणी बसवला, याने काय फरक पडतो?

कारणेही गूढ नाहीत. भूजलाचा सामू ६.५ च्या खाली असेल, तर जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजतात. पाणी तांबूस येते, चव बिघडते आणि बायका पुन्हा जुन्या ओढ्याकडे वळतात. कुठे वॉशर झिजतो, कुठे रॉड तुटतो, आणि सुटा भाग मिळायचे दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असते. गावात पाणी समिती असते, पण तिच्या पेटीत पैसे नसतात. शौचालयांचे गणितही निराळे नाही. खड्डा भरल्यावर तो उपसायचा कुणी आणि कुणाच्या पैशाने, हे आधी ठरले नाही, तर शौचालयाची अडगळीची खोली होते.

हे टाळता येते, हे तुम्हीच दाखवले आहे. घानातल्या अफ्राम मैदानात नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तुमच्या जुन्या विहिरी तपासल्या. दोन दशकांनंतरही सुमारे ८० टक्के विहिरी चालू होत्या. जिथे गावाने वर्गणी गोळा केली आणि दुरुस्तीची सोय उभी राहिली, तिथे पाणी टिकले.

आमच्याकडेही सारे आलबेल आहे असे नाही. जिल्हा परिषदेच्या दुरुस्ती पथकाची गाडी यायला कधी कधी उन्हाळा सरतो. पण त्या गाडीची वाट पाहणाऱ्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे रिकामे हंडे घेऊन कुणाच्या दारात बसायचे. सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद, आमदार. हंडा मोर्चा निघतो, कारण पाणी हे कुणी केलेले उपकार नव्हेत, हे आमच्या बायका जाणतात. पाण्यावरचा हक्क काय असतो, हे १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी दाखवले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले, ते २०१० मध्ये.

दान घेणाऱ्याला तक्रार करता येत नाही, ही दानाची खरी अडचण आहे. युगांडातल्या बाईने हंडा मोर्चा अमेरिकेतल्या तुमच्या कार्यालयावर कसा न्यायचा? पाण्याच्या बदल्यात कुणाकडून श्रद्धा मागायची नाही, हे १९९४ च्या मानवतावादी आचारसंहितेवर सही करून तुम्ही मान्य केलेच आहे. पाण्याच्या बदल्यात मौनही मागू नका, एवढेच माझे म्हणणे.

त्यासाठी चार गोष्टी करा. एक, बसवल्यानंतर पाचव्या आणि दहाव्या वर्षी किती पंप चालू आहेत, ते देशवार जाहीर करा, आणि त्या १० सेकंदांच्या वाक्याइतक्याच ठळक अक्षरांत. दोन, पाइप उतरवण्याआधी पाण्याचा सामू तपासा आणि आम्लधर्मी पाण्यात जस्ताच्या मुलाम्याचे पाइप घालूच नका. तीन, बोअरच्या अंदाजपत्रकातच पुढच्या दहा वर्षांचे सुटे भाग आणि मेकॅनिकची मजुरी धरा, आणि हा पैसा तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या साथीने खर्च करा. तुम्ही निघून गेलात तरी ते प्रशासन तिथेच असणार आहे. नव्या बोअरसाठी देणगी मिळते, वॉशरसाठी मिळत नाही, हे मला समजते. पण तुमचे देणगीदार रविवारी चर्चमध्ये बसतात. तहानलेल्याला पेलाभर पाणी देण्याचे मोल त्यांना नव्याने शिकवावे लागणार नाही. तो पेला उद्याही भरायचा आहे, इतकेच सांगावे लागेल.

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त. हापशाच्या चौथऱ्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. तिच्यावर दुरुस्तीची जबाबदारी असलेल्या माणसाचा फोन नंबर आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीखही लिहा, तिथल्या लोकांच्या भाषेत. फोन उचलला गेला नाही, तर पुढे कुणाला गाठायचे, तेही खाली लिहा. मग तक्रारी येतील, पुष्कळ येतील. त्या येऊ लागल्या की काम नीट चालले आहे असे खुशाल समजा.

आपला,
मराठवाड्यातील एक नागरिक