जलसंजीवनीचा उशिरा झालेला सन्मान

डॉ. दिलीप महालनबीस यांना जानेवारी २०२३ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले, तेव्हा ते स्वीकारण्यासाठी ते हयात नव्हते. ऑक्टोबर २०२२ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, कोलकात्यात त्यांचे निधन झाले होते. ज्या कार्यासाठी हा गौरव झाला, ते १९७१ मधील. म्हणजे देशाला या शास्त्रज्ञाचे ऋण मान्य करण्यास अर्धशतक लागले.

बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकीची साथ पसरली. बनगावच्या रुग्णालयात रुग्ण जमिनीवर पडून होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते आणि ते देणारे प्रशिक्षित हातही अपुरे होते. अशा वेळी महालनबीस यांनी एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रणाची पाकिटे तयार करवून घेतली. पाण्यात विरघळवलेले हे मिश्रण रुग्णांचे नातेवाईकच त्यांना पाजू लागले. त्यांच्या पथकाच्या देखरेखीखालील छावणीत सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

यामागील शास्त्र त्यांनी एकट्याने शोधले नव्हते. ग्लुकोजच्या सोबतीने आतडी सोडियम आणि पाणी शोषून घेतात, हे आधीच सिद्ध झाले होते. डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर तोंडावाटे दिलेल्या द्रावणाचा यशस्वी प्रयोग केला होता. महालनबीस यांचे श्रेय वेगळे आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच शक्य मानला जाणारा उपचार अप्रशिक्षित माणसाच्या हाती सोपवता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. वैद्यकीय वर्तुळातील अनेकांना ते प्रथम पटले नाही. मात्र १९७८ मध्ये 'द लॅन्सेट'ने या उपचारामागील शोधाची गणना शतकातील संभाव्य सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. पुढे २००२ चा पोलिन पुरस्कार आणि २००६ चा थायलंडचा प्रिन्स महिडोल पुरस्कार त्यांना इतर संशोधकांसह मिळाला. परदेशाने जिवंतपणी केलेला गौरव मायदेशाने मात्र मृत्यूनंतर केला.

हे एकच उदाहरण नाही. पटकीच्या जंतूचे विष आतड्यावर कसा परिणाम करते, हे १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर देशात त्यांची पुरेशी दखल घेतली गेली नव्हती. गरिबांच्या रोगांवरील स्वस्त उपायांना प्रतिष्ठा मिळत नाही, हीच खरी अडचण आहे. ज्या पुडीवर कुणाचे पेटंट नाही आणि जिच्यात मोठा नफाही नाही, तिची जाहिरात करणार कोण?

म्हणूनच पुरस्कारापेक्षा वापराचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, अतिसार झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच ओआरएस मिळाले. दुसरीकडे, भरपूर साखर असलेली पेये 'ओआरएस' या नावाखाली बाजारात विकली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांवर हा शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी त्याची अंमलबजावणी प्रत्येक औषध दुकानापर्यंत पोहोचली पाहिजे.

पदके राष्ट्रपती भवनात दिली जातात, पण महालनबीस यांचे संशोधन बनगावच्या ओल्या फरशीवर सिद्ध झाले होते. अतिसाराने मलूल झालेल्या प्रत्येक मुलाला सलाईनची वाट न पाहता त्या पुडीतले पाणी वेळेवर मिळेल, त्या दिवशी या शास्त्रज्ञाचा सन्मान पूर्ण झाला, असे म्हणता येईल.