कुसळ आणि मुसळ

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातल्या किल्ल्यावरून तंटा झाला. सोलापूरच्या मुलांना डोळ्यांसमोरचा किल्ला म्हणजे भुईकोट. पण दिवाळीचा किल्ला मात्र शिवरायांचा डोंगरी गडच असला पाहिजे, हा नियम आमचा दहा वर्षांचा नातूही पाळतो. विटा रचल्या, तरटावर चिखल लिंपला, हळीव पेरले. हिरवळ उगवली आणि मावळे पहाऱ्याला उभे राहिले. शेवटी त्या हिरवळीत, आरशाच्या तळ्याकाठी, या पठ्ठ्याने एक रबरी प्राणी आणून बसविला. बेडकासारखे तोंड, चार आखूड पाय आणि पाठीवर कांद्यासारखा हिरवा गड्डा!

फराळाला आलेल्या शेजाऱ्यांनी ते पाहिले आणि त्यांची चकली हातातच राहिली. "महाराजांच्या गडावर हे जपानी भूत? या पोरांना असली शंभर सोंगे तोंडपाठ, पण दारची बाभूळ ओळखू येत नाही. संस्कृती बुडाली हो!" मी मान डोलावली. माझ्या वयाला संस्कृती बुडाल्याच्या बातमीवर मान डोलावण्याची सवयच जडलेली असते. ती डोलावलेली मान आज मी जाहीरपणे परत घेत आहे.

कारण नातवाने तिथेच शांतपणे विचारले, "आजोबा, मग गडावर कुठली झाडं होती? ती लावतो."

शेजारी म्हणाले, "झाडी होती. घनदाट."

"पण कुठली?"

"जंगली रे!"

मी चष्मा पुसू लागलो.

आता आरोपीची ओळख करून देतो. फिर्यादी मंडळींनी ती सहसा करून घेतलेली नसते. नाव बुल्बासॉर. १९९६ साली जपानात निघालेल्या पोकेमॉन या खेळातला हा प्राणी. पहिल्या १५१ प्राण्यांच्या यादीत याचा क्रमांक पहिला. जपानी नाव फुशिगिदाने. त्यात 'विलक्षण' आणि 'बी' असे दोन शब्द आहेत, आणि भरभर उच्चारले तर 'नवल आहे, नाही?' असाही अर्थ निघतो. जन्मतःच याच्या पाठीवर बी असते. लहानपणी हा त्या बीतल्या साठ्यावरच पोसतो, पुढे ऊन खाऊन वाढतो. सोळाव्या पायरीला रूप पालटून त्याच्या पाठीवर कळी दिसते, बत्तिसाव्या पायरीला फूल उमलते. लढाईत तो वेलींचे चाबूक ओढतो आणि शत्रूच्या अंगावर बी रुजवून त्याचा जीवनरस शोषतो.

यात भुताटकी ती कोणती? हरभऱ्याच्या दोन डाळी म्हणजे रोपाच्या पहिल्या दिवसांची शिदोरीच. मेंदीच्या कुंपणावर माजणारी पिवळी अमरवेल पाहा. पाने नाहीत, जमिनीत मूळ नाही. दुसऱ्याच्या देहात शोषके रुतवून जगते. जपानी माणसाने वनस्पतिशास्त्राला चार पाय लावले, एवढेच!

आणि त्याने हे का केले, तेही ऐका. या खेळाचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा गावी किडे गोळा करीत हिंडत. पुढे तिथली शेते आणि तळी बुजवून वस्ती झाली. शोधण्याचा तो आनंद पुढच्या मुलांनाही मिळावा, हा या खेळामागचा हेतू होता. ज्या माळाचा नाश झाला म्हणून आपण खेळाला बोल लावतो, तशाच माळाच्या आठवणीतून तो जन्मला आहे!

केंब्रिजच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना चित्रे दाखवून नावे विचारली आणि २००२ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापला. आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनपैकी ७८ टक्के ओळखू आले, भोवतालच्या खऱ्या जिवांपैकी ५३ टक्के. हे आकडे वाचून आमचे शेजारी पुन्हा संस्कृती बुडवतील. मला त्यात निराळेच दिसते. मुलांच्या डोक्यात जागा भरपूर आहे. खेळवाल्याने प्रत्येक प्राण्याला नाव दिले, क्रमांक दिला, स्वभाव दिला आणि सांगितले, 'जा, शोधून आण.' आपण काय सांगितले? 'झाडी'!

असा खेळ आपल्याकडे नव्हता काय? होता! गणपतीची एकवीस पत्री म्हणजे दुसरे काय? माका, आघाडा, शमी, डोरली, रुई, धोतरा, विष्णुक्रांता. माझी आजी आम्हां पोरांना पहाटे पिटाळी आणि आघाड्याऐवजी भलताच पाला आणला तर परत पाठवी. एकवीस भरेपर्यंत सुटका नसे. आज आम्ही बाजारातून दोऱ्याने बांधलेली जुडी आणतो. आत काय आहे, ते विकणाराही सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. हा खेळ कुणा जपान्याने मोडला नाही. आम्हीच मोडला.

नातवाला उत्तर मिळाले ते आमच्या घरी नव्हे. शहराच्या पूर्व भागात माझे एक तेलुगू पद्मशाली मित्र राहतात. त्यांची वाडवडिलांपासूनची पिढी मागावरची. भाऊबीज झाल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वाटेत उपटलेली पिवळ्या फुलांची एक फांदी पोराच्या हातात होती. मित्राची वृद्ध आई पाहताक्षणी म्हणाली, "तंगेडू!" बतुकम्माच्या सणाला फुलांचा जो मनोरा रचतात, त्यात हे फूल हवेच. आपण याला तरवड म्हणतो आणि याची साल कातडी कमावायला लागते, हे मला तेव्हा आठवले. आजींना नाव ठाऊक होते, कारण त्या नावाला त्यांच्या घरी अजून काम आहे. काम गेले की नाव जाते; आणि नाव गेले की वस्तू गेल्याचे कळतही नाही.

हे नुसते घरगुती दुःख नव्हे. बार्शी रस्त्यावर नान्नज आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली तिथे अभयारण्य झाले. आज तो पक्षी तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. ज्या गवतावर तो जगला त्याला आपण काय म्हणतो? पडीक, पोटखराब! ज्याला नावच नाही, त्याच्यासाठी कोण भांडणार? त्या माळावर आम्ही आजा-नातू फिरलो. परतताना पायजम्यात कुसळे रुतली होती. एक कुसळ मी ओल्या रुमालावर ठेवले. ओल लागताच त्याचा पीळ उलगडू लागला आणि ते गरगर फिरले. हे बी असेच फिरत स्वतःला मातीत पेरून घेते. नातू ओरडला, "आजोबा, ही तर याची शक्ती आहे!" मी म्हटले, "होय. आणि याचे नाव कुसळी."

पोकेमॉनची वकिली करण्याची मला हौस नाही. तो धंदा आहे, आणि पडद्याला डोळे चिकटवून बसलेले पोर मलाही पाहवत नाही. पण आमचा विरोध कशाला होतो पाहा! २०१६ साली या खेळाविरुद्ध गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली. तक्रार ही, की खेळातली अंडी देवळांच्या ठिकाणी दिसतात. पडद्यावरच्या खोट्या अंड्यासाठी आम्ही न्यायालयात जातो. माळावरच्या माळढोकाच्या खऱ्या अंड्यासाठी घरातून उठत नाही. पोरांच्या डोळ्यातले कुसळ आम्हांला दिसते. आमच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. आणि खेदाची गोष्ट ही, की कुसळ म्हणजे काय, हेही आम्ही विसरलो आहोत.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझे सांगणे आहे. या दिवाळीत पोराला रागावण्यापूर्वी त्याला घराबाहेर न्या आणि दहा झाडांची नावे सांगा. येत नसतील तर शेतकऱ्याला विचारा, मेंढपाळाला विचारा, आजीला विचारा. पण 'झाडी' म्हणू नका. दहा सांगता आली, तरच त्याच्या खेळण्याला नावे ठेवा.

आमचा यंदाचा किल्ला तयार आहे. तटावर कुसळी रोवली आहे, दरवाजाशी तरवड फुलला आहे. प्रत्येकाजवळ नातवाने नावाची चिठ्ठी टोचली आहे. बुल्बासॉर तळ्याकाठी आपल्या जागी बसला आहे. त्याच्याही जवळ चिठ्ठी आहे: 'क्रमांक १'. शेजाऱ्यांना फराळाचे आमंत्रण गेले आहे. त्यांनी यावे, चकली खावी आणि चिठ्ठ्या झाकून उरलेली नावे सांगावीत.